मुलांचं टॅक्स क्रेडिट: एका पोराचे २२००, दुसऱ्याचे ५००, असं का?

पिंपळपार
मंडळी नमस्कार. टॅक्सचा सीझन आला आणि दरवर्षीसारखं डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय, आधी असा धागा असेल तर सांगा, मला तरी सापडला नाही. आम्ही न्यू जर्सीत. मी एच१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच४ म्हणजे त्याच्या जोडीच्या कुटुंबाच्या व्हिसावर (ईएडी म्हणजे कामाचा परवाना नाही, माझा ग्रीनकार्डसाठीचा आय-१४० अर्ज अजून व्हायचाय). मोठी मुलगी नऊ वर्षांची, जन्म पुण्याचा, तीही एच४. धाकटा तीन वर्षांचा, इथंच झालेला. २०२५ चं रिटर्न भरायला बसलो, सॉफ्टवेअरमध्ये दोघांची माहिती टाकली तर धाकट्याचे २२०० डॉलर दाखवतंय आणि मुलीचे फक्त ५००. शेजारच्या क्युबिकलमधल्या माणसाला दोन पोरांचे ४४०० मिळालेत आणि पगार आमचा सारखाच. मग माझंच काही भरायचं राहिलंय का? बायकोला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, आयटिन (एसएसएन न मिळणाऱ्यांचा टॅक्स नंबर) आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि तिसरं म्हणजे सासूबाई गेल्या वर्षी सहा महिने आमच्याकडे होत्या, एकजण म्हणाला त्यांनाही डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) दाखव, ५०० सुटतात. खरं का हे?

चकली
रुमाल टाकून ठेवते. आमचंही अगदी सेम आहे, एक पोरगं नाशिकचं एक डलासचं.

तात्या_फ्रिमाँट
तुझं काहीतरी चुकतंय बघ. आमचा थोरला एच४ वर होता, आयटिनच होता त्याचा, आणि आम्हाला त्याचं पूर्ण क्रेडिट मिळायचं. वर्षाला हजार डॉलर. सीपीएकडून (इथला सीए) करून घे, सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवू नकोस.

आकडेमोड
तात्या, कुठल्या वर्षाची गोष्ट? २०१७ किंवा त्याआधीची असेल तर तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तेव्हा क्रेडिट हजार डॉलरच होतं आणि मूल इथं रेसिडेंट असेल तर आयटिनवरही मिळायचं. २०१७ च्या डिसेंबरात जो टॅक्सचा कायदा झाला त्यात रक्कम २००० केली पण सोबत अट घातली की मुलाचा एसएसएन पाहिजे, आणि तोही काम करायला चालणारा. ही अट २०१८ च्या रिटर्नपासून लागू झाली. आयटिनवाल्या मुलांसाठी मग ५०० चं वेगळं क्रेडिट आणलं, अदर डिपेंडंट्स म्हणतात त्याला, आईवडील किंवा सतरा पूर्ण झालेली मुलं पण त्यातच येतात. तेव्हा हे सगळं २०२५ पर्यंतच होतं. पण जुलै २०२५ मध्ये जो मोठा कायदा झाला त्याने ते कायमचं केलं, २००० चे २२०० केले, आणि २०२६ पासून महागाईप्रमाणे ही रक्कम वाढू शकते. ५०० मात्र ५०० च राहिले.

तर पिंपळपार, सॉफ्टवेअर बरोबर आहे. तुमच्या मुलीला एसएसएन मिळत नाही कारण ती एच४ आहे, म्हणून ५००. धाकट्याचा नंबर हॉस्पिटलात जन्माच्या फॉर्मबरोबरच आला असणार, म्हणून २२००. पगार (चार लाखांच्या आत असेल तोवर), व्हिसा, किती वर्षं टॅक्स भरताय, यातलं काहीही तिथं बघत नाहीत.

तात्या_फ्रिमाँट
म्हणजे जो पोरगा इथल्या शाळेत जातो, ज्याचा बाप सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर दोन्ही भरतो, त्याला ५०० आणि त्याच्याच भावाला २२००. वा रे न्याय.

एडिसनची_सून
तात्या +१. पण आता कायदा आहे तो आहे. मी मागच्या वर्षी एका मैत्रिणीला हे समजावत होते तर ती म्हणे की मग मोठ्याचं नावच टाकत नाही, ५०० साठी कोण आयटिनच्या मागे लागणार. अगं बाई ५०० दरवर्षी आहेत, पोरगं दहावीला जाईपर्यंत मोज.

पिंपळपार
धन्यवाद आकडेमोड. बायकोच्या आयटिनचं सांगा ना, तिचा एसएसएन नसल्यामुळे धाकट्याचं क्रेडिट पण जाणार का? व्हॉट्सअ‍ॅपवर असा एक मेसेज फिरतोय की नव्या कायद्यात आई-बाप दोघांचा एसएसएन लागतो.

आकडेमोड
तो मेसेज अर्धवट आहे. बिलाच्या सुरुवातीच्या मसुद्यात दोघांचा लागेल असं होतं, तिथून ते पसरलं. शेवटी पास झालेल्या कायद्यात जॉइंट रिटर्न असेल तर नवरा-बायकोपैकी एकाचा एसएसएन असला की पुरतो. तुमचा आहे, झालं. तुमच्या कार्डावर "फक्त डीएचएसच्या परवानगीनेच कामासाठी वैध" अशा अर्थाची ओळ असेल (डीएचएस म्हणजे इमिग्रेशन बघणारं खातं), त्याने घाबरू नका, परवानगी चालू आहे तोवर ते कार्ड चालतं. "कामासाठी वैध नाही" असं असतं ते कार्ड मात्र चालत नाही.

आता आकडे बघा. समजा जॉइंट रिटर्न, उत्पन्न १,३०,००० डॉलर. २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन जॉइंटला ३१,५०० आहे. उरले ९८,५००. पहिल्या २३,८५० वर १० टक्के, ९६,९५० पर्यंत १२ टक्के, वरच्या थोड्यावर २२. टॅक्स येतो साधारण ११,५००. यातून २७०० थेट वजा होतात, म्हणजे ८,८०० च्या आसपास. डिडक्शन आणि क्रेडिट यात लोकांचा गोंधळ होतो, २२०० चं डिडक्शन मिळालं असतं तर २२ टक्क्यांच्या माणसाचे ४८४ वाचले असते, क्रेडिटने २२०० च्या २२०० वाचतात.

रंकाळा
भावा हे लै भारी समजावलंस. आमचा टॅक्सवाला दोन वर्षं फॉर्म पाठवतोय आणि मी नुसता सही करतोय, शेड्यूल ८८१२ (याच क्रेडिटचा फॉर्म) म्हणजे काय ते आज कळलं.

एक सांगतो. जानेवारी उजाडला की आम्हाला फोन सुरू होतात, "सर, ड्राफ्ट फ्री आहे, मॅक्झिमम रिफंड काढून देतो". एकाने माझ्या रूममेटला एच४ वरच्या पोरीचं पूर्ण क्रेडिट लावून दिलं, आयटिन नंबर एसएसएनच्या रकान्यात टाकून. रिफंड आला, पार्टी झाली. मग आयआरएसचं (टॅक्स खात्याचं) पत्र आलं, पैसे परत, वर व्याज आणि दंड. त्या कंपनीचा फोन लागेना.

आकडेमोड
आणि पत्रावर थांबत नाही ते. नियमांकडे बेफिकिरीने दुर्लक्ष करून क्रेडिट घेतलं असं ठरलं तर दोन वर्षं क्रेडिट बंद, फसवणूक ठरली तर दहा वर्षं. बंदी संपल्यावर परत घ्यायचं तर फॉर्म ८८६२ भरून सिद्ध करावं लागतं. आणि सही तुमची असते, टॅक्सवाल्याची नाही. म्हणून रिटर्न पाठवायच्या आधी मुलांच्या नावापुढे कुठल्या रकान्यात खूण आहे एवढं तरी स्वतः बघा.

गूळपोळी
सासूबाईंचं कुणीच बोललं नाही :)

एडिसनची_सून
मी बोलते, कारण आमच्या इमारतीत हा प्रकार दर दोन घरांत आहे. बी२ म्हणजे पर्यटक व्हिसावर आलेले आईबाबा डिपेंडंट होत नाहीत, नेहमीच्या केसमध्ये तरी नाहीत. एकतर ते अमेरिकन नागरिक किंवा टॅक्सच्या दृष्टीने रेसिडेंट पाहिजेत. दुसरं, त्यांचं स्वतःचं वर्षाचं उत्पन्न ५,२०० डॉलरच्या आत पाहिजे (२०२५ चा आकडा). तिसरं, त्यांच्या वर्षभराच्या खर्चाचा अर्ध्याहून जास्त भाग तुम्ही उचललेला पाहिजे. आता आपल्याकडचे निवृत्त लोक बघा, सरकारी पेन्शन महिना चाळीस हजार धरलं तर वर्षाला ४ लाख ८० हजार, डॉलरचा भाव ८७ धरला तर ५,५०० च्या वर जातं. तिथंच संपलं. त्यात एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं वेगळंच. आणि सहा महिने इथं खाल्लं म्हणजे अर्ध्याहून जास्त खर्च आपण केला असं होत नाही, पुण्यातलं घर, औषधं, मोलकरीण, सगळं त्यांच्याच पैशातून चालतं ना.

आकडेमोड
बरोबर, फक्त थोडी भर. रेसिडेंट ठरवताना दिवस मोजतात, या वर्षीचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश, बेरीज १८३ झाली की बसलात. दरवर्षी सहा सहा महिने येणाऱ्या आजी-आजोबांची बेरीज इतकी होऊ शकते. मग लोक खूश होतात की चला, रेसिडेंट झाले, ५०० मिळाले. अहो पण रेसिडेंट झाले म्हणजे त्यांचं भारतातलं पेन्शन आणि व्याज पण इथं दाखवायची पाळी येते. ५०० डॉलरसाठी हे दार उघडू नका असं माझं स्पष्ट मत.

गूळपोळी
म्हणजे सासूबाईंना फक्त चहा आणि नातवंडं.

पिंपळपार
हाहा. सासूबाई हा धागा वाचत नाहीत म्हणून बरं.

नवीन_मेगावॉट
मला एक बेसिक शंका. आमचं बाळ डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झालं. जेमतेम चार दिवस आमच्याजवळ होतं २०२५ मध्ये. अर्ध्या वर्षाहून जास्त सोबत राहिलं पाहिजे असं वाचलं, मग या वर्षी काही नाही का?

आकडेमोड
अभिनंदन! पूर्ण २२०० मिळतात. त्या वर्षी जन्मलेलं मूल वर्षभर सोबत राहिलं असंच धरतात, ३१ डिसेंबरला रात्री जन्मलं तरी. फक्त एसएसएन रिटर्नच्या मुदतीच्या आत आलेला पाहिजे. कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, तोवर रिटर्न थांबवा.

तात्या_फ्रिमाँट
आणि उलटंही आहे हो. वर्षाच्या शेवटी मूल १७ चं झालं की २२०० बंद, ५०० सुरू. पोरगा १६ चा आहे तोवर बापाला पूर्ण, आणि खर्च तर सगळा त्यानंतर सुरू होतो, गाडी, इन्शुरन्स, कॉलेजचे अर्ज. कायदा करणाऱ्याला स्वतःची पोरं नसणार.

चकली
नवीन_मेगावॉट, बाळ २०२५ ते २०२८ मध्ये जन्मलेलं अमेरिकन नागरिक असेल तर सरकारचे १००० डॉलर पण आहेत, ते ट्रम्प अकाउंट. फॉर्म ४५४७. आईवडील एच१ वर असले तरी चालतं, बघतात ते मुलाचं नागरिकत्व आणि एसएसएन. हे क्रेडिटपेक्षा वेगळं आहे, पैसे बाळाच्या नावाच्या खात्यात अडकून राहतात, आपल्या हातात येत नाहीत.

रंकाळा
पंचांग बघून डिलिव्हरी करणारे आता टॅक्स कॅलेंडर बघणार.

मुलुंड_ते_मिनेसोटा
मला पाळणाघराबद्दल विचारायचं होतं. डे-केअर महिन्याला १६०० जातात, वर्षाचे एकोणीस हजार. त्याचं क्रेडिट वेगळं आहे ना? नवऱ्याने ऑफिसात डिपेंडंट केअरच्या एफएसएमध्ये (पाळणाघरासाठी टॅक्सआधी पगारातून बाजूला काढतात ते खातं) ५००० टाकलेत. मी एच४ वर, ईएडी रिन्यूअलमध्ये अडकलंय, २०२५ मध्ये नोकरी नव्हती.

आकडेमोड
इथं जरा थांबून वाचा, कारण यात आपली बरीच मंडळी अडकतात.

पाळणाघराचं क्रेडिट वेगळं आहे, फॉर्म २४४१. १३ वर्षांखालच्या मुलांसाठी. खर्च कितीही असो, एका मुलाला ३००० आणि दोन किंवा जास्त मुलांना ६००० एवढाच खर्च धरतात, आणि २०२५ साठी ४३,००० च्या वर उत्पन्न असलेल्यांना त्याच्या २० टक्के. म्हणजे ६०० किंवा १२००. २०२६ पासून टक्केवारी वाढवली आहे पण ती कमी उत्पन्नाला जास्त कामाची.

पण मुख्य अट अशी की नवरा-बायको दोघांचंही कमाईचं उत्पन्न पाहिजे, किंवा एकजण फुलटाइम विद्यार्थी पाहिजे. विद्यार्थी असेल तर एका मुलासाठी महिना २५०, दोघांसाठी ५०० असं मानीव उत्पन्न धरतात. तुम्ही वर्षभर घरी होतात आणि शिकतही नव्हता तर क्रेडिट शून्य. नुसतं शून्य नाही, एफएसएला पण हीच अट आहे, कमी कमावणाऱ्याच्या उत्पन्नाइतकीच सूट. तुमचं उत्पन्न शून्य म्हणजे ते ५००० परत टॅक्सेबल होणार. ईएडी संपण्याआधी वर्षात थोडे महिने पगार आला असेल तर तेवढ्यापुरतं मिळेल.

मुलुंड_ते_मिनेसोटा
अरे देवा. एचआरने हे सांगितलंच नाही, फक्त "टॅक्स वाचेल, टाका" एवढंच. जानेवारी-फेब्रुवारीत पगार आला होता माझा, ११ हजारच्या आसपास. मग वाचलो का?

आकडेमोड
मग ५००० च्या एफएसएला अडचण नाही, तुमचं उत्पन्न त्याच्या वर आहे. फक्त खर्च तुम्ही दोघं काम करत असतानाचा किंवा तुम्ही नोकरी शोधत असतानाचा पाहिजे, ईएडी नसताना नोकरी शोधत होतो हे पटवणं अवघड, म्हणून त्या दोन महिन्यांच्या डे-केअरच्या पावत्या वेगळ्या काढा आणि हे सीपीएला दाखवा, सॉफ्टवेअर हा प्रश्न विचारत नाही. १६०० च्या हिशोबाने दोन महिन्यांचे ३२०० च होतात, वरचा भाग टॅक्सेबल होऊ शकतो. आणि एफएसएमधले पैसे क्रेडिटच्या मर्यादेतून वजा होतात. दोन मुलं असती तर ६००० वजा ५००० उरले १०००, त्याचे २० टक्के २००. एक मूल असेल तर उरत काहीच नाही. दोन्ही हातांनी घेता येत नाही. २०२६ पासून एफएसएची मर्यादा ७५०० झालीये.

एडिसनची_सून
आणि घरगुती सांभाळणाऱ्या मावशींना रोख देणाऱ्यांनी स्वप्न बघू नये. फॉर्म २४४१ वर सांभाळणाऱ्याचा एसएसएन किंवा ईआयएन (धंद्याचा टॅक्स नंबर) लिहावा लागतो. आमच्या गल्लीतल्या मावशी नंबर विचारला की सांभाळायचंच बंद करतात. पोळी-भाजी गरम मिळते पोराला, तेच क्रेडिट समजायचं.

थेम्सकाठी
तुमचं वाचून हसू येतंय आणि रडू पण. इकडे इंग्लंडमध्ये चाइल्ड बेनिफिट आहे, २०२५-२६ ला पहिल्या मुलाचे आठवड्याला २६.०५ पाउंड, पुढच्यांचे १७.२५. पण स्किल्ड वर्कर व्हिसावर "पब्लिक फंड्स नाहीत" असा शिक्का असतो आणि चाइल्ड बेनिफिट त्यात धरतात. कायमचं राहायची परवानगी मिळेपर्यंत काही नाही, मूल इथं जन्मलं असलं तरी. आणि ती मिळाल्यावर पगार ६०,००० च्या वर गेला की थोडं थोडं परत घेतात, ८०,००० ला सगळं.

टोरांटोकर
कॅनडात १८ महिने राहिलात आणि परमिट चालू असेल तर वर्क परमिटवाल्यांनाही सीसीबी (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) मिळतो, महिन्याला थेट खात्यात. जुलै २०२५ पासून सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला जास्तीत जास्त ७,९९७ कॅनेडियन डॉलर, मोठ्यांना ६,७४८. उत्पन्न वाढलं की कमी होत जातो. पण दोघांनी दरवर्षी रिटर्न भरलं पाहिजे, नाहीतर जुलैत बंद.

तात्या_फ्रिमाँट
मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा पगाराच्या स्लिपवर मुलांच्या शिक्षणाचा भत्ता म्हणून दरमहा शंभर रुपये टॅक्स-फ्री दिसायचे, दोन मुलांपर्यंत. वसतिगृहाचे तीनशे. आता बोला.

रंकाळा
तात्या शंभर रुपयात तेव्हा पोरगं डॉक्टर होत असेल.

कोथरूड_टू_कूपर्टिनो
आमच्या दोघांचं मिळून ४,३०,००० होतं या वर्षी (आरएसयू, म्हणजे कंपनीने दिलेले शेअर, हातात आले). दोन मुलं, दोन्ही इथली. मित्र म्हणतो ४ लाखाच्या वर गेलात म्हणजे क्रेडिट गेलं.

आकडेमोड
पूर्ण जात नाही. जॉइंटला ४,००,००० च्या वर दर हजाराला ५० डॉलर कमी होतात. तुम्ही ३० हजारांनी वर, म्हणजे १५००. ४४०० मधून १५०० गेले, २९०० राहिले. जॉइंट सोडून बाकी सगळ्यांना ही सीमा २,००,००० आहे, तिथं एकटे पालक लवकर अडकतात.

एकटी_आणि_दोघं
एकट्या पालकांचा विषय निघालाच आहे तर. माझा घटस्फोट झालाय, मुलं माझ्याकडे, दर दुसऱ्या शनिवार-रविवारी वडिलांकडे. डिक्रीमध्ये लिहिलंय की एक वर्ष मी आणि एक वर्ष ते मुलांना क्लेम करणार. त्यांनी या वर्षी क्लेम केलं, मी पण केलं, माझं ई-फाइल रिजेक्ट झालं.

आकडेमोड
आयआरएस डिक्रीवर चालत नाही, रात्री कोणाकडे जास्त झोपले ते बघते. मुलं तुमच्याकडे जास्त रात्री असतात म्हणजे हक्क तुमचा. तुम्ही फॉर्म ८३३२ सही करून दिला तरच वडिलांना चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेता येतं, आणि तेव्हाही हेड ऑफ हाउसहोल्ड (घर चालवणाऱ्या एकट्या पालकाचा रिटर्नचा प्रकार) आणि पाळणाघराचं क्रेडिट तुमच्याकडेच राहतं, ते त्या फॉर्मने जात नाही. या वर्षी ८३३२ दिला नसेल तर तुमचं रिटर्न कागदावर किंवा आयआरएसचा आयपी पिन (ओळख पटवणारा नंबर) घेऊन ई-फाइल करा, मग ते दोघांना विचारतील. पण कोर्टाचा आदेश मोडला असं तिकडून होऊ शकतं, ते वकिलाला विचारा.

एकटी_आणि_दोघं
वकिलाने हे कधी सांगितलं नव्हतं. आभारी आहे.

चकली
आयटिन काढायचा अनुभव सांगा ना कुणी. पासपोर्ट टेक्सासला पोस्टाने पाठवायचा या विचारानेच पोटात गोळा येतोय.

एडिसनची_सून
पासपोर्ट पाठवू नकोस. दोन रस्ते आहेत, आयआरएसच्या टॅक्सपेयर असिस्टन्स सेंटरची अपॉइंटमेंट घे, तिथं मूळ पासपोर्ट बघून लगेच परत देतात, किंवा सर्टिफाइड अ‍ॅक्सेप्टन्स एजंट गाठ, तो फी घेतो. डब्ल्यू-७ (आयटिनचा अर्ज) एकट्याने जात नाही, रिटर्नसोबत जोडून ऑस्टिनला पाठवावा लागतो, म्हणजे त्या वर्षी ई-फाइल नाही. आणि मुलांच्या पासपोर्टवर प्रवेशाच्या तारखेचा शिक्का नसेल (हल्ली बऱ्याच विमानतळांवर मारतच नाहीत) तर नुसता पासपोर्ट चालत नाही, सहा वर्षांखालच्याला डॉक्टरकडचं रेकॉर्ड, मोठ्याला शाळेचं लागतं. आमच्या वेळेला हेच राहिलं होतं आणि सगळं परत आलं. सात आठवडे सांगतात, सीझनमध्ये नऊ ते अकरा.

आकडेमोड
यात एक मुद्दा सुटतो. लोक म्हणतात यंदा मुलीला सोडून भरू, आयटिन आला की अमेंड करू, म्हणजे भरलेलं रिटर्न दुरुस्त करू. मुदतीच्या आत अर्ज केला नसेल तर त्या वर्षाचे ५०० गेले, अमेंड करून मिळत नाहीत. आणि आयटिन तीन वर्षं रिटर्नवर वापरला नाही तर मरतो, तो रिन्यू करा.

भाचीचा_मामा
माझ्या बहिणीची केस सांगतो. बाळ इथं जन्मलं, सहा महिन्यांचं असताना आजीबरोबर सांगलीला पाठवलं कारण दोघांची नोकरी, अजून तिकडेच आहे, पावणेदोन वर्षं झाली. तिचा टॅक्सवाला पूर्ण क्रेडिट लावतो, म्हणतो "टेम्पररी अ‍ॅब्सेन्स".

आकडेमोड
आजारपण, शिक्षण, सुट्टी यासाठी बाहेर असेल आणि परत येणार असेल तर ते तात्पुरतं धरतात. पण वर्षभराहून जास्त आजीकडेच वाढतंय हे त्यात बसवणं माझ्या मते ताणलेलं आहे, विचारलं तर सिद्ध काय करणार? बाळ अमेरिकन नागरिक आहे आणि खर्च आईवडील करतात तर ५०० वालं क्रेडिट बहुतेक बसतं, कारण त्याला सोबत राहायची अट पोटच्या मुलाला नाही. २२०० ला आहे.

नवीन_मेगावॉट
हे क्रेडिट घेतलं तर पुढे ग्रीनकार्डला पब्लिक चार्ज (सरकारी मदतीवर जगतो असा ठपका) वगैरे त्रास? सासरे म्हणतात सरकारचे पैसे घेऊ नका.

एडिसनची_सून
सासऱ्यांना सांग की आपण भरलेल्या टॅक्समधूनच ते कमी होतात, कुणी वरून देत नाही. पब्लिक चार्जच्या २०२२ च्या नियमात टॅक्स क्रेडिट मोजत नाहीत.

आकडेमोड
हो, आणि एक ताजी गोष्ट जोडतो. क्रेडिटचा काही भाग रिफंडेबल असतो, म्हणजे टॅक्स शून्य झाला तरी उरलेलं हातात मिळतं, २०२५ ला मुलामागे १७०० पर्यंत, २५०० च्या वरच्या कमाईच्या १५ टक्के या हिशोबाने. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रेझरीने जाहीर केलं की या रिफंडेबल भागाला फेडरल पब्लिक बेनिफिट धरणारे नियम आणणार, २०२६ च्या टॅक्स वर्षापासून. तसं झालं तर एच१बी सारखे तात्पुरत्या व्हिसावरचे लोक त्या भागाला मुकतील. पण १,३०,००० कमावणाऱ्याचा टॅक्सच अकरा हजार आहे, त्याला रिफंडेबल भागाची गरजच पडत नाही, क्रेडिट आधी टॅक्समध्येच जिरतं. फटका बसेल तो कमी कमाईच्या घरांना, ज्यांचा टॅक्सच २२०० होत नाही.

मुलुंड_ते_मिनेसोटा
२०२१ ला जुलै ते डिसेंबर महिन्याच्या महिन्याला पैसे यायचे ते आठवतंय का कुणाला? लहानाचे ३००, मोठ्याचे २५०. तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा कळलं की असं काही असतं.

तात्या_फ्रिमाँट
ते एका वर्षापुरतं होतं, ३६०० आणि ३०००. जॉइंट दीड लाखाच्या वर कमी व्हायला लागायचं, आमच्याकडे बे एरियात कुणाला धड मिळालंच नाही.

पिंपळपार
अजून एक, हे पैसे एप्रिलपर्यंत वाट न बघता आधी मिळवता येतात का?

आकडेमोड
डब्ल्यू-४ ची पायरी ३, पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म तो. मुलगा २२००, मुलगी ५००, बेरीज २७०० तिथं लिहून एचआरला द्या, पगारातून टॅक्स तेवढा कमी कापतील. २०२५ च्या फॉर्मवर मुलामागे २००० छापलेलं होतं, नव्यावर २२०० आहे, म्हणून जुना भरून ठेवला असेल तर नवा द्या. बायकोला नोकरी लागली तर दोघांच्या डब्ल्यू-४ वर मुलं लिहू नका, एकाच्याच. आणि न्यू जर्सीचं स्वतःचं क्रेडिट वेगळं आहे, पाच किंवा कमी वयाच्या मुलाला, पण राज्याचं उत्पन्न ८०,००० च्या वर गेलं की नाही, तुम्हाला नाही लागणार.

साबुदाणा
उशिरा आलो. आमची मुलगी पण एच४ होती, आय-४८५ (ग्रीनकार्डचा शेवटचा अर्ज) भरलंय, तिचं ईएडी आलं, एसएसएनचा अर्ज आत्ताच केलाय. या वर्षी २२०० मिळतील का? मागच्या दोन वर्षांचे पण अमेंड करू का?

तात्या_फ्रिमाँट
ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी३ च्या (नोकरीवरच्या ग्रीनकार्डची एक रांग) तारखा एकदम २०१५ पर्यंत पुढे आल्या होत्या तेव्हा आमच्याकडे किती पोरांचे एसएसएन असे आले, शाळेतली पोरं ईएडी कार्ड घेऊन फिरत होती.

आकडेमोड
साबुदाणा, मागच्या वर्षांचे नाही. त्या त्या वर्षाच्या मुदतीच्या आत एसएसएन आलेला पाहिजे होता. या वर्षीचे मिळतील, पण नंबर १५ एप्रिलच्या आत आला पाहिजे. तोवर येईल असं वाटत नसेल तर फॉर्म ४८६८ भरून मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवा, त्या तारखेपर्यंत आलेला नंबर चालतो. मुदतवाढ फॉर्म भरायला मिळते, पैसे भरायला नाही, तेव्हा जो टॅक्स द्यायचाय तो एप्रिलमध्येच ५०० धरून भरा, नंबर आला की जास्तीचे १७०० रिफंडमध्ये येतील. आणि तिचा जुना आयटिन बंद करायला आयआरएसला पत्र लिहा.

साबुदाणा
४८६८ आजच भरतो. पत्रात काय लिहायचं, नमुना आहे का कुणाकडे?

एडिसनची_सून
नमुना नाही पण सोपं आहे. पूर्ण नाव, पत्ता, जुना आयटिन, नवा एसएसएन, आणि मागची रिटर्न्स नव्या नंबराखाली जोडा एवढी एक ओळ. सोबत एसएसएन कार्डाची झेरॉक्स, आयटिनचं पत्र असेल तर त्याचीही. ट्रॅकिंग असलेल्या पोस्टानेच टाका.